बापूंच्या ट्रकचं प्रेशर

गॅरेजमध्ये दोन गोष्टी आपोआप साचतात. एक जुनं ऑइल, दुसरे किस्से. ऑइल निदान भंगारवाला घेऊन जातो. किस्से माझ्याच डोक्यात पडून राहतात आणि चहाला कोणी बसलं की बाहेर येतात. आता तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

सांगली-मिरज रोडवर माझं आणि आप्पाचं गॅरेज आहे. इंजिन आप्पा बघतो, गिऱ्हाईक मी सांभाळतो. अवघड काम माझ्याकडे आहे, हे तो अजून मान्य करत नाही. आमचे निम्मे किस्से एकाच ट्रकचे, कुंडलच्या बापूंच्या. बापू मिलिटरीत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी हा ट्रक घेतला आणि दर सीझनला त्यावर ऊस ओढला. यंदा त्यांच्या मंडळींनी, म्हणजे आक्कांनी, हुकूम काढला. "इंजिन चेक करून घ्या. चांगलं असंल तर अजून एक सीझन ओढा. न्हाईतर ट्रक इका आन् घरात बसा."

बापूंचं तोंड तेव्हापासून उतरलेलं. शत्रूला न घाबरलेला माणूस आमच्या प्रेशर मोजायच्या गेजला घाबरायला लागला.

* * *

जुनं इंजिन बघायची आमच्याकडची सोपी रीत म्हणजे, इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढायचं आणि भोकावर नुसतं उलटं ठेवायचं. झाकण गप्प बसलं तर ठीक. नाचायला लागलं तर समजायचं, बॅक कंप्रेशन मारतंय, म्हणजे सिलिंडरमधला दाब खाली गळतोय.

बापूंनी ही तपासणी घरीच करून आणली होती. "आप्पा, झाकण हलतसुदिक न्हाई. या, दावतो." त्यांनी इंजिन चालू केलं, झाकण उलटं ठेवलं आणि वर आपला पंजा दाबून धरला.

आप्पा म्हणाला, "बापू, हात काढा."

"हात काढल्यावर उडंल की."

* * *

मग रीतसर कंप्रेशन, म्हणजे एकेका सिलिंडरचा दाब, काढायचं ठरलं. आप्पाने डिझेल फवारणारे सगळे नोझल काढले आणि एकेका सिलिंडरला गेज लावून मला स्टार्टर मारायला बसवलं. बापू हात जोडून उभे. बाकीचे सिलिंडर बरे निघाले. चार नंबरला काटा अर्ध्यातच दमला.

पिस्टनच्या रिंगा गेल्यात की व्हॉल्व्ह, ते कळायला आप्पाने चार नंबरमध्ये थोडं ऑइल सोडलं आणि पुन्हा गेज लावलं. काटा सरसर वर गेला. म्हणजे रिंगा झिजल्या होत्या. ऑइलने तेवढ्यापुरती फट भरली, एवढाच त्याचा अर्थ. आप्पाचा चेहरा पडला आणि बापूंचा फुलला.

"आला की वर! एवढंच व्हय? मी रोज सकाळी उठून तेवढं ऑइल घालत जाईन."

आप्पा त्या दिवशी जेवला नाही.

* * *

मिरजेला लोक कुठून कुठून दुखणं घेऊन येतात आणि एका डॉक्टरवर भागत नाही म्हणून दुसऱ्याकडे जातात. बापूंनी तेच केलं. नोझल बसवून दिल्याबरोबर ट्रक घेऊन थेट साताऱ्याला, तिथल्या एका मिस्त्रीकडे. आमच्या तपासणीबद्दल तिथे चकार शब्द काढला नाही. तरी त्याने सगळं बघून चार नंबरवरच बोट ठेवलं.

बापू परत आले ते तणतणत. "खरं सांगा, तुमचं दोघांचं फोनवर काय ठरलंय?"

* * *

पुढे नोझल टेस्टिंगला धाडले म्हणून ट्रक आठवडाभर आमच्याकडे उभा होता. तिसऱ्याच दिवशी आक्कांचा फोन आला. आवाज एकदम बारीक.

"गाडी कवा देताय?"

म्हटलं, "आक्का, तुम्हीच चेक करायला लावली, आता तुम्हालाच घाई?"

"आवं, ह्ये दिवसभर घरात हाईत. काल मी भात लावला, तर ह्ये कुकरपुढं खुर्ची टाकून बसलं. म्हनत्यात, शिट्टी लवकर होतीया, प्रेशर चेक करून घे."

* * *

शेवटी निकालाचा दिवस आला. नोझल बसवून ट्रक घरी गेला होता. ऑइल प्रेशर तेवढं बघायचं राहिलं होतं आणि ते आक्कांसमोर बघायचं, असं ठरलं होतं. आम्ही वाट बघत रस्त्यावर उभे. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. त्याच्यामागे साखळीने ओढलेला बापूंचा ट्रक. ट्रॅक्टरवर त्यांचा पुतण्या, ट्रकच्या स्टीअरिंगवर बापू आणि शेजारी आक्का.

मी विचारलं, "बापू, ट्रक बंद पडला?"

"न्हाई. चालू हाय की."

"मग ट्रॅक्टर कशाला?"

बापूंनी मला बाजूला घेतलं. "गरम झाला की प्रेशर पडतंय गड्या. थंडच आनलाय. पटकन बघून टाका."

कुंडलपासून मिरजेच्या रस्त्यापर्यंत, चालू ट्रक ओढत! मला हसावं की पाया पडावं कळेना. आप्पा मात्र बधला नाही. गेज लावलं, इंजिन चालू केलं आणि चांगलं गरम होईपर्यंत हात बांधून उभा राहिला. सुरुवातीला वर असलेला काटा हळूहळू खाली आला आणि खालीच राहिला.

आक्का केबिनमध्येच बसलेल्या. त्यांची नजर डॅशबोर्डवर गेली. तिथे एक मोठी मरून टिकली चिकटवलेली होती.

"ही माजी टिकली हितं कशी?" म्हणत त्यांनी ती ओढून काढली. खाली ऑइल प्रेशर पडल्याचा लाल दिवा लखलखत होता.

बापू वाकून टायर तपासायला लागले.

आप्पा खालून म्हणाला, "आक्का, खोटं सांगत न्हाई. इंजिन थकलंय. रिंगा, बेअरिंगा, समदं उघडून करायला पायजे. न्हाईतर इकून मोकळं व्हा."

आता ट्रक जाणार, असं मला वाटलं आणि खरं सांगतो, वाईट वाटलं. बापूंना तर तिथे उभंच राहवेना. ते आमच्या शेगडीपाशी गेले. मी चहा ठेवला होता. त्यांनी पातेल्यात डोकावून बघितलं आणि मला म्हणाले, "ग्यास बारीक कर. आन् साखर आत्ताच नगं घालू. उकळी आल्यावर घाल."

आक्कांनी मान वळवून ते बघितलं. मग पर्स उघडली, टिकल्यांचं पाकीट काढलं, त्यातली सगळ्यात मोठी टिकली निवडली आणि दिव्यावर अंगठ्याने घट्ट दाबून बसवली.

"आप्पा, इंजिन उघडायला कवा आनायचं त्ये सांगा," त्या म्हणाल्या. आणि पुतण्याला हाक मारली, "साखळी सोडू नगं रं. घरापतूर ओढतच घे. उगं गरम व्हायला नगं."