ओव्याची पुरचुंडी

सौंदडच्या अनुसयाबाईंना शेंबडाची शिसारी होती. पाच लेकरांची आई, आणि लेकराचं नाक वाहताना दिसलं की हिच्या पोटात ढवळायचं! सासू होती तोवर निभावलं. पाचही लेकरांची नाकं सासूनंच पुसली, आणि अनुसयाबाई तेवढ्या वेळात विहिरीवर नाहीतर गोठ्यात काहीतरी काम काढून बसायच्या. सासूला ते कळत होतं. पण ती बिचारी कोणापाशी बोलली नाही, आणि एक दिवस ते पोटात ठेवूनच गेली. मग गावात कोणालाच ठाऊक राहिलं नाही. सांगायचं तरी कोणत्या तोंडानं? बाकी बाई मोठी बोलकी. कोणाचं पोट दुखो, कोणाची म्हैस आटो, अनुसयाबाईंचा सल्ला तयार.

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती, आणि सुनेला, शामकलाला, पहिला मुलगा झाला होता. अकराव्या दिवशी पोराचं नाक चोंदलं. छातीला लागायचं, दोन घोट ओढायचं, श्वास कोंडला की सोडून द्यायचं आणि भोकाड पसरायचं. तोंडानं श्वास घ्यावा की दूध प्यावं, दोन्ही एकदम जमेना. अनुसयाबाईंनी तव्यावर ओवा गरम केला, फडक्यात बांधला, हाताच्या पाठीला लावून पाहिला आणि पोराच्या छातीजवळ धरला. तळपायाला जवसाचं तेल चोळलं. सकाळची दुपार झाली. पोर उपाशी ते उपाशीच.

अनुसयाबाईंचे मालक बिसरामजी ओसरीत दोर वळत बसले होते. मोठ्या मिशांचा, पंचांत मान असलेला माणूस. बाळंतिणीच्या खोलीकडे पुरुषानं फिरकायचं नाही, म्हणून इतका वेळ कळ काढली. शेवटी दोर खाली टाकला.

"त्याले मागच्या दारी आन," ते म्हणाले. "आन् सुनेले म्हनाव, वाटीत चार थेंब दूध दे."

"कायले?"

"आन म्हनलं न."

तोंडातला तंबाखू थुंकून त्यांनी तीनदा खळखळून चूळ भरली. कापसाच्या वातीनं आईच्या दुधाचा एकेक थेंब पोराच्या नाकात सोडला, थोडं थांबले, आणि ओठ त्याच्या नाकावर ठेवून हलकेच ओढलं. बाजूला थुंकले. पुन्हा ओढलं. पोर शिंकलं, आणि त्याचा श्वास मोकळा झाला.

"वासराचं काढतो न मी," बिसरामजी मिशा पुसत म्हणाले. "हे त लहानसं नाक."

अनुसयाबाईंनी तोंड फिरवलं होतं. उलटी कशीबशी दाबली होती.

संध्याकाळी शेजारणी आल्या. पोर पोटभर पिऊन झोपलेलं पाहून त्यांनी विचारलं, "काय केलं वो बाई?" आणि अनुसयाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "ओव्याची पुरचुंडी. पन बांधायची रीत लागते."

आता हे काऊन बोलल्या? मिशांचा बाप्या पोराचं नाक चोखतो म्हणून गाव हसेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. खरं कारण दुसरंच होतं. आजी घरात असताना आजोबाला हे करावं लागलं, हे सांगायची लाज. बिसरामजींनी ओसरीतून सगळं ऐकलं होतं. जेवताना ते एवढंच म्हणाले, "तुयं तूच पाह्य. मी काही बोलत नाही."

बोलले नाहीत ते खरंच. इकडे पुरचुंडीचं नाव झालं. साधी सर्दी चार दिवसांत आपोआप उतरते. पण ती उतरायची आणि बायका पुरचुंडीचे गोडवे गायच्या. अनुसयाबाईही मग हात आखडता घेईनात. पुरचुंडीला सात गाठी मारायला लागल्या. सात गाठींचा ओव्याशी काय संबंध, ते त्यांनाच ठाऊक!

पौषात एका दुपारी कोहमाऱ्याहून बैलबंडी आली. बंडीत धनवंता नावाची तरणी बाई, कडेला तिचा नवरा इंदरलाल, आणि पदराखाली वीस दिवसांची पोरगी. धनवंताचं बाळंतपण करायला घरात मोठी बाई नव्हती. कोणीतरी सांगितलं, सौंदडला जा.

अनुसयाबाईंनी पोरीला छातीला लावायला सांगितलं. दोन घोट, सोडलं, रडली. पुन्हा दोन घोट. त्यांना काय ते कळलं. आपल्या नातवाचं हेच होतं, आणि याला काय लागतं तेही समोर दिसत होतं. बिसरामजी घरामागच्या खळ्यावर धान चुरत होते. बैलांना हाकलतानाचा त्यांचा आवाज इथं ऐकू येत होता.

पण ओसरीत चार शेजारणी बसल्या होत्या.

अनुसयाबाईंनी ओवा भाजला, सात गाठी मारल्या आणि पुरचुंडी धनवंताच्या हातात ठेवली. "सकाळपर्यंत नाक सुटते," त्या म्हणाल्या. धनवंतानं पाया पडून ती घेतली. बंडी गेली.

त्या दिवशी अनुसयाबाईंना जेवण गेलं नाही. नातू सुनेच्या मांडीवर चुटूचुटू पीत होता, तो आवाज त्यांना ऐकवेना. नवऱ्याला सांगावं म्हणून दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा काहीतरी भलतंच विचारलं.

सकाळी ऊन अंगणात यायच्या आत बंडी परत दारात. धनवंताचे डोळे सुजले होते. पोरगी आता रडतही नव्हती. ओठ सुकले होते आणि छाती नुसती धपापत होती.

"रातभर शेकलं बाई," धनवंता म्हणाली. "एक घोट गेला नाही."

शेजारणी जमल्या. बिसरामजी खांबाशी उभे होते. त्यांनी पोरीकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, आणि वाट पाहत राहिले. पुन्हा ओवा भाजायला चुलीकडे जावं, असं अनुसयाबाईंच्या मनात आलं. होय, तेव्हाही आलं. पण मग पोरीचे ओठ दिसले.

"माह्या पुरचुंडीनं काही होत नाही," त्या म्हणाल्या. मग बिसरामजींकडे हात करून पुन्हा मोठ्यानं म्हणाल्या, "काही होत नाही. माह्या नातवाचं नाक यायनं तोंडानं ओढलं होतं. मले शिसारी येते. म्हनून मी खोटं बोलली."

त्यांचं बोलणं संपायच्या आत बिसरामजींनी तांब्या उचलून चूळ भरली होती. धनवंतानं पदर पुढे ओढला आणि पोरगी त्यांच्या हातावर दिली. त्यांनी तिच्या नाकात आईच्या दुधाचे थेंब सोडले. पहिल्यांदा ओढलं, काही निघालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा निघालं. पोरगीनं मोठा श्वास घेतला आणि बारीकसं रडली. धनवंता भिंतीकडे तोंड करून बसली आणि तिनं पोरीला छातीला लावलं. आधी आवाजच येईना. मग घोट ऐकू यायला लागले, एकामागून एक, न थांबता.

मिशांवर कोणी हसलं नाही. शेजारणी अनुसयाबाईंकडे पाहत नव्हत्या; त्यांनी पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

दुपारपर्यंत पोरगी तीनदा प्यायली. निघताना धनवंता बिसरामजींच्या पाया पडली. बंडीत चढण्याआधी ती मागं वळली, कमरेला खोचलेली पुरचुंडी काढली आणि अनुसयाबाईंच्या हातात दिली. सातही गाठी तशाच होत्या.

"काल हे बाबा घरी होते का?" तिनं विचारलं.

नव्हते म्हणून सांगता आलं असतं. कोणाला कळणार होतं?

"होते," अनुसयाबाई म्हणाल्या. "मांगं खळ्यावर होते. हाक मारली असती त आयकू गेलं असतं."