वाकळीतली ओटी

सकाळची एसटी बोरीच्या थांब्यावर आली तेव्हा आक्का माझ्याआधी चढली आणि खिडकीशी बसली. आमच्याकडे पुढे चढलेल्यानं मागच्यासाठी शेजारच्या जागेवर रुमाल टाकायचा असतो. आक्कानं टाकला नाही. मी मुकाट्यानं पाच रांगा मागे जाऊन बसलो. आक्का माझी थोरली बहीण, आणि त्या दिवशी तिचं खरं होतं.

तिच्या मांडीवर रिकामी पिशवी होती, चांगली पोत्याएवढी. त्या पिशवीतून आमच्या आईची वाकळ (जुन्या लुगड्यांचे थर टाचून केलेलं जाड पांघरूण) घरी आणायची, एवढ्यासाठीच ती निघाली होती. आई गेल्यावर तिची नऊ लुगडी आक्कानं एकावर एक टाचली. आमच्या घरात जन्मलेलं प्रत्येक मूल पाचवीला त्याच वाकळीवर निजतं. आक्काची लेक संगीता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती, दिवस भरत आले होते, आणि वाकळ परभणीच्या कलादालनात भिंतीवर टांगलेली होती.

ती तिथं गेली माझ्यामुळे. मी बोरीच्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवली. पल्लवी माझी विद्यार्थिनी; पुढे मोठ्या शहरात शिकून नाव काढलेली. दिवाळीनंतर ती भेटायला आली आणि म्हणाली, सर, गावातलं काही जुनं हातचं काम प्रदर्शनासाठी मिळेल का? मी तिला थेट आक्काकडे नेलं. महिनाभरात परत येईल, मी मध्ये आहे ना, असं आक्काला सांगितलं. तिनं वाकळ घडी करून पल्लवीच्या हातात दिली. मग लक्षात आलं, पोर लग्नानंतर पहिल्यांदाच दारात आलेली, ओटी न भरता कशी पाठवायची? आक्का गहू आणि नारळ घेऊन आली, तर पल्लवीच्या अंगात जीन्स. पदर ना ओढणी. मला हसू आलं. "पदर नाही तर वाकळीतच घे," मी म्हणालो. आक्का क्षणभर थांबली होती. मग तिनं ओटी वाकळीवर घातली.

महिन्याचे अडीच महिने झाले. मी फोन करतो म्हटलं तर आक्का करू देईना. "मागायची न्हाई," ती म्हणाली. "आपन नुसतं बगायला जाऊ. तिनं आपनहून दिली तर आनू."

झरी मागे पडली. दोन्ही अंगांना वेचून संपलेली कापसाची रानं होती, मध्येच एखादा हिरवा ज्वारीचा तुकडा. एका बांधावर लोक हुरडा भाजत बसले होते, त्याचा वास खिडकीतून आत आला. एरवी आक्का म्हणाली असती, उतर रे बापू, खाऊन जाऊ. ती सरळ समोर बघत राहिली. रस्ता असा की बोलायला तोंड उघडावं तर जीभ चावली जावी. तेवढी त्या रस्त्याची मेहेरबानी.

परभणीत स्टँडवर उतरून रिक्षा केली. रिक्षावाल्याला कलादालन म्हणून कळेना. साडीच्या मोठ्या दुकानाचा वरचा मजला म्हटल्यावर कळलं.

"वहाँ क्या बिकता चाचा?"

"विकत काही नाही. बघायचं असतं."

"फुकट में?"

"फुकट."

"फिर तो कोई नहीं जाता होंगा," तो म्हणाला. वर ऐकवलंच, "बनी तो बनी, नहीं तो परभणी."

खाली दुकानात बायका नव्या साड्या अंगाला लावून आरशात बघत होत्या. शेजारच्या जिन्यावर पाटी होती, 'प्रवेश मोफत. सर्वांचे स्वागत.' आक्कानं चपला पहिल्या पायरीशी काढल्या, देवळात काढाव्यात तशा. मी काढल्या नाहीत. मला कलादालनं माहीत, एवढा माझा तोरा.

आत पांढऱ्याफेक भिंती आणि एसीचा गारठा. एका कोपऱ्यात पेरणीच्या मोडक्या तिफणीला सोनेरी रंग दिलेला. एका पडद्यावर विहिरीत बादली सोडताना दिसे, ती वर काही येत नसे. कॉलेजची दोन पोरं तिफणीशी उभी राहून फोटो काढत होती. माझ्यातला मास्तर प्रत्येकापुढं थांबून मान हलवत होता. आक्का कुठंही थांबली नाही, ती सरळ समोरच्या भिंतीकडे गेली.

वाकळ तिथं होती. तिच्या मधोमध परातीएवढं गोल भोक होतं. कडा कात्रीनं सरळ कापलेल्या, आणि भोकातून पांढरी भिंत दिसत होती. मधला भाग आईच्या हिरव्या इरकल लुगड्याचा होता. तो नव्हता.

बाजूला छापील चिठ्ठी. शीर्षक : अनुपस्थिती. माध्यम : जुनी लुगडी, सुती दोरा, कात्री. खाली पल्लवीचं नाव. कात्री हे माध्यम असतं, हे मी पोरांना कधी शिकवलं नव्हतं. आक्काचं नाव शोधायला मी चिठ्ठी उलटून बघितली. मागे डिंक होता.

आक्कानं कापलेल्या कडेला हात लावला. खुर्चीवरचा राखणदार उठून आला.

"मावशी, हात न्हाई लावायचा."

"माज्याच हातचे टाके हायेत बाबा."

"आसतील. पर लावायचा न्हाई."

तिनं हात मागे घेतला आणि पदराखाली ठेवला. मला त्या माणसाचा नाही, माझाच राग आला.

तेवढ्यात आतून पल्लवी धावत आली, दोघांच्या पाया पडली. तिचा चेहरा खराखुरा आनंदला होता, हेच जास्त अवघड झालं. "सर, कापताना मला रडू आलं," ती म्हणाली. "बाई घरातून कशी पुसली जाते, ते मला दाखवायचं होतं."

"अगं, ही परत द्यायची होती!" माझा आवाज चढला. पोरं वळून बघायला लागली.

पल्लवी गोंधळली. "परत? सर, आक्कांनी तिच्यात ओटी घातली ना. तुम्हीच म्हणालात, वाकळीतच घे. मी सासूबाईंना विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, ओटी ज्यात घेतली ते आपलं. परत केलं तर देणारीचा अपमान."

मी आक्काकडे बघितलं. ती म्हणाली, "खरं बोलायली ती. वटीतलं माघारी घेत न्हाईत."

हे मलाही ठाऊक होतं. बोरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ती ओटी भरताना का थांबली होती, ते मला अडीच महिन्यांनी, परभणीत, जिना चढून आल्यावर कळलं. पाहुणीसमोर धाकट्या भावाचा शब्द खाली पडू नये म्हणून तिनं आईची वाकळ दिली होती.

"माय, त्यो मधला गोल कुटं हाय?" आक्कानं विचारलं.

पल्लवी ओशाळली आणि आम्हाला आत घेऊन गेली. आतल्या खोलीत शिडीखाली तो पडला होता, पाय घसरू नये म्हणून घातलेला. हिरव्या इरकलीवर शिडीच्या पायांचे दोन काळे ठसे उमटले होते. पल्लवी रडवेली झाली. "आक्का, मी धुऊन देते."

"ऱ्हाऊ दे. वटीतलं मागता येत न्हाई. पर हे तू टाकून दिलतीस. टाकलेलं उचलायला कुनाची ना न्हाई."

तिनं तुकडा झटकला आणि त्या पोत्याएवढ्या पिशवीत घातला. तो तळाशी कुठं गेला ते दिसलंसुद्धा नाही.

दाराशी अभिप्रायाची वही होती. राखणदारानं पेन पुढे केलं आणि मी लिहिलं, म्हणजे पोरांच्या वह्यांवर शेरे मारून सवयीच्या झालेल्या हातानंच लिहिलं: 'प्रयत्न चांगला.' खाली सही.

स्टँडवर भजी घेतली, आक्कानं खाल्ली नाहीत. परतीच्या गाडीत गर्दी होती, म्हणून तिच्या शेजारीच बसावं लागलं. झरी आली तेव्हा तिनं विचारलं,

"त्या वहीत काय लिवलास?"

मी सांगितलं.

"नाव टाकलास खाली?"

"टाकलं."

"बरं केलास," ती म्हणाली. "मला वाटलं तितं आपल्या घरचं कुनाचंच नाव न्हाई."

देशभरातली कलादालनं मी हिंडलोय आणि घरी येऊन त्यांची वर्णनं सांगितलीत. परभणीच्या या प्रवासाचं मला कुणी विचारत नाही, मीही सांगत नाही.

बारा दिवसांनी संगीताला मुलगी झाली. पाचवीला तिला त्या गोल तुकड्यावर निजवलं. आक्कानं कडेनं दोरा घातला होता, ठसे मात्र निघाले नव्हते. पोरीचे पाय तुकड्याबाहेर येत होते आणि थंडी होती. जमलेल्या बायकांपैकी एकीनं विचारलं, "आक्का, वाकळ लय मोटी व्हती की तुमची. बाकीची कुटं हाय?"

आक्कानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"परभनीला हाय," ती म्हणाली. "जावा बगायला. फुकट हाय."