लाईट गेली तरी प्लग काढायचा

थोरल्या भावाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून वाटूरजवळची आमची शेती वहिनी बघतात. मी जालन्यात नोकरी करतो आणि रविवारी मोटारसायकलवर शेतात जातो. मदतीला जातो, असं मी म्हणतो. वहिनी काय म्हणत असतील ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मोसंबीची चाळीसेक झाडं वाळली. ती काढल्याशिवाय नवीन लावता येत नव्हती. पेट्रोलचं कटर चालवणाऱ्यांना चार वेळा निरोप धाडला. ते उद्या येतो म्हणायचे आणि त्यांचा उद्या काही उजाडायचा नाही. शिवाय पेट्रोलचा धूर दादाला बिलकुल सोसत नाही, आणि बांधावर खुर्ची टाकून बसल्याशिवाय दादाला करमत नाही. म्हणून मी जालन्याच्या बाजारातून झाडं कापायचं विजेवरचं, चेनचं कटर आणलं.

दुकानदार मारवाडी, तीन पिढ्यांपासून त्याच गल्लीत. त्यांनी खोक्यातून कटर काढून दाखवलं, चेन कशी ताणायची, तेल कुठं घालायचं ते सांगितलं आणि म्हणाले, "साहेब, एक ध्यानात ठेवा. चेनला हात लावायच्या आधी प्लग बाहेर. लाईट असो का नसो." मी मान डोलावली. माहितीपुस्तिका डिकीत कोंबली. यंत्राची पुस्तिका वाचणाऱ्या माणसाची मला तोवर कीवच यायची.

वहिनींनी ती पहिल्याच दिवशी डिकीतून काढायला लावली. "भावजी, आधी वाचून दाखवा. मंग लावू." मी भर उन्हात उभा राहून शाळकरी पोरासारखा वाचत होतो. चेन ज्या पट्ट्यावरून फिरते त्याच्या टोकानं कापू नये, कटर उसळी मारून अंगावर येतं. खांद्याच्या वर उचलू नये. वायर पाठीमागं ठेवावी. डोळ्यांना चष्मा लावावा. अंगावर लोंबतं काही नसावं. हे शेवटचं ऐकल्याबरोबर वहिनींनी माझ्या गळ्यातल्या उपरण्याकडे बोट केलं. त्यांनी स्वतः साडीवर दादाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता, पदर आत खोचलेला. आमच्याकडे कापूस वेचणाऱ्या सगळ्या बायका असाच शर्ट घालतात. त्यांचं बरोबर होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. उपरणं काढून मी झाडाच्या फांदीवर भिरकावलं.

प्लग होता विहिरीवरच्या विजेच्या पेटीत, साठेक पावलांवर. कटरची वायर आखूड निघाली, तेव्हा मी तिचं प्लगचं टोक कापून तिथं दुसरी लांब वायर पिळून जोडली होती आणि वर टेप गुंडाळली होती. वायर वाढवायची तर जोडाच्या जागी प्लगच हवा, म्हणजे कटरजवळच ती सोडवता येते, हे पुस्तिकेत लिहिलं होतं. ते पान मी वाचून दाखवलं नव्हतं. त्यामुळे चेन साफ करायची झाली की वहिनी पेटीपर्यंत चालत जायच्या, प्लग उपटायच्या, हात वर करून दाखवायच्या. मगच मी चेनला हात लावायचा. दिवसाला पाच-सहा झाडं व्हायची.

"वहिनी, अशानं दिवाळी उजाडंल," मी म्हणालो.

"उजाडू द्या. आपल्याला कुठं जायचंय जल्दी?"

तिसऱ्या रविवारी माझं बोट अवघडलं. कटरचा स्विच सारखा दाबून धरावा लागतो आणि अंगठ्यानं वेगळं बटण दाबल्याशिवाय तो सुरूच होत नाही. मी दोन्ही दाबून वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली. आमच्याकडे पाइप, सायकल, दार, चष्मा, सगळं ट्यूबच्या पट्टीनं बांधलेलं असतं. वहिनी शेडमध्ये दादाला गोळ्या द्यायला गेल्या होत्या. आपण फार हुशारी केली असं वाटून मी एकटाच हसलो आणि दोन झाडं झपाट्यानं पाडली.

तिसऱ्या झाडाच्या निम्म्यात लाईट गेली. शेतात लाईट गेल्यावर कुणीच काही बंद करत नाही. पाण्याच्या मोटारीला ऑटो बसवलेला असतो. लाईट आली की मोटार आपली आपण सुरू होते, मालक झाडाखाली झोपलेला असला तरी चालतं. आमच्या सगळ्यांच्या अंगात तीच सवय. मी कटर खोडातून ओढून काढलं, होतं तसं जमिनीवर ठेवलं आणि शेडजवळच्या माठाकडे पाणी प्यायला गेलो.

तोवर वहिनी झाडापाशी पोचल्या होत्या. चेनमध्ये सालीचं लांब चिपाड अडकलेलं त्यांना दिसलं. त्यांनी तिथूनच विचारलं, "भावजी, प्लग काढला का?"

मी "हो" म्हणालो.

मी विसरलो नव्हतो. प्लग पेटीतच आहे हे मला पक्कं माहीत होतं. पण लाईटच नाही तर प्लग कसला काढायचा, असं वाटलं. साठ पावलं चालायचा कंटाळा आला होता आणि सारखं विचारतात याचा रागही होता. वहिनी खाली बसल्या, चिपाड धरून ओढायला लागल्या आणि लाईट आली.

मी पाठमोरा होतो. आधी कटरचा आवाज आला, मग वहिनींचा. मी पेटीकडे पळत सुटलो. प्लग उपटून परत येईपर्यंत वहिनींनी उजवा हात शर्टात गुंडाळून छातीशी धरला होता. त्या ओरडल्या नाहीत. "ह्यांना पळू देऊ नका," एवढंच म्हणाल्या. दादा शेडमधून निघाला होता.

जालन्याच्या डॉक्टरांनी दोन बोटांच्या शिरा जोडल्या. हे कसं झालं, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार, त्याआधीच वहिनी म्हणाल्या, "माझंच चुकलं. प्लग बगायचा राह्यला." आणि मी मूग गिळून गप्प बसलो. घरी पाहुणे भेटायला आले, त्यांनाही त्यांनी हेच सांगितलं. पाहुणे म्हणाले, बायकांनी कशाला मशीनच्या नादी लागावं. मी तेव्हाही गप्पच. मला स्वतःची लाज वाटत होती आणि लाजेपेक्षा भीती जास्त होती, हे लिहायला हरकत नाही.

उरलेली झाडं मी एकट्यानं कापली. ट्यूबची पट्टी काढून टाकली, जोडाच्या जागी प्लग बसवून घेतला. त्यानं बोट काही परत वळलं नाही. मधलं बोट सुधारलं. तर्जनी तशीच ताठ राहिली. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली. वहिनी दरवर्षी सगळ्यांच्या पुढं असायच्या. आता बोंडाच्या टोकांनी ते बोट ओरबाडलं जायचं, कापूस चिमटीत यायचा नाही. बायका ओळ संपवून परत फिरायच्या, तेव्हा वहिनी निम्म्यात असायच्या.

मला ते बघवेना. एका रविवारी दादाशेजारी बांधावर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. वहिनींनी विचारलं होतं, मी खोटं बोललो, बोट माझ्यामुळं गेलं. दादा शिवी देईल, निदान उठून जाईल, याची मी तयारी ठेवली होती.

दादा कापसाकडेच बघत राहिला. "माहीत हाय," तो म्हणाला. "दवाखान्यातच सांगितल्तं तिनं."

"मंग तू मला काहीच का बोलला न्हाईस?"

"तिनं शपथ घातल्ती. म्हणली, भावजीला बोलू नका. त्यांनी यायचं बंद केलं तर आपल्याला दुसरं कोण हाय?"