लाभ, दोन, तीन

आमच्या समोरच्या पाळणाघरवाल्या ताईंइतकं घाबरट माणूस अख्ख्या इंग्लंडात नसेल, आणि डोळे मिटून मूल सोपवावं असंही दुसरं माणूस नसेल. ताई मूळच्या नागपूरच्या. यजमान इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होते, ते गेले. मुलगी लग्न होऊन ऑस्ट्रेलियात. मग त्यांनी रीतसर परवानगी काढून मेडनहेडच्या त्या घरात दुसऱ्यांची मुलं सांभाळायला सुरुवात केली. आमची सूनबाई बाळंतपणाची रजा संपवून ऑफिसला जाऊ लागली तेव्हा नातवाला, सोन्याला, मी सांभाळत होते. पण तो धावायला लागला आणि माझे गुडघे काही धावेनात. म्हणून तो ताईंकडे जाऊ लागला. मला इंग्रजी येत नाही, दाराची बेल वाजली तर मी जिन्याखाली जाऊन उभी राहते. ताईंना ते कळलं तशा म्हणाल्या, "आजी, तुम्ही पण येत जा. एकट्या घरात काय करून राहिल्या?" तेव्हापासून मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीत वाटाणे सोलत बसायची आणि त्यांचं घाबरणं बघायची.

द्राक्ष त्या उभं चिरायच्या, आणि चिरलेलं पुन्हा चिरायच्या. मुलांच्या घशात अडकतं म्हणून इथे तसंच सांगतात, ते ठीक. पण गणपतीच्या नैवेद्यातली द्राक्षंही त्यांनी चिरून ठेवली. मी म्हटलं, "अहो ताई, त्याला सोंड आहे." तर म्हणाल्या, "म्हणूनच तर. वाट केवढी लांब!" चहा त्या झाकणाच्या पेल्यात प्यायच्या, तोही मुलं झोपल्यावर, तोही उभ्याने, पाठ भिंतीला लावून. आणि मूल झोपलं की त्यांचा खरा घोर सुरू. श्वास चालू आहे ना, हे बघायला त्या इतक्या जवळ वाकायच्या की मूल दचकून उठायचं आणि भोकाड पसरायचं. "रडतंय म्हणजे आहे," असं म्हणून त्या समाधानाने त्याला पुन्हा थोपटायला बसायच्या. पहिले काही दिवस मला हसू यायचं. मग एकदा सगळी मुलं झोपलेली असताना घर एकदम शांत झालं आणि मीही उठून सोन्याच्या नाकाशी बोट धरलं. त्यांची भीती अशी लागट होती.

पण सगळ्यांत जास्त त्या सरकारला भ्यायच्या. रागावणाऱ्या सरकारला नव्हे, मुलांचं भलं करायला निघालेल्या सरकारला. रेडिओवर लहान मुलांविषयी काही चांगलं सांगायला लागले की ताई हातातलं काम टाकून रेडिओपुढे उभ्या राहायच्या. मागे असं ठरलं, की नर्सरीत दोन वर्षांच्या चार मुलांमागे एक बाई लागायची तिथे आता पाचांमागे एक चालेल. ताईंच्या घरगुती पाळणाघराला तो नियम लागूच नव्हता. तरी दिवसभर त्या रेडिओशी भांडत होत्या. "चाराचे पाच करून राहिले! अन् आगीचा भोंगा वाजला तर? दोन काखेत, दोन हाताला. पाचव्याला काय सांगू? तू थांब बाप्पा, तुझी फाइल मंत्रालयात आहे?" पुढे कामावर जाणाऱ्या आईबापांना नऊ महिन्यांच्या बाळापासून आठवड्याचे तीस तास मूल सांभाळण्याचा खर्च सरकार देणार असं जाहीर झालं. सूनबाईने आनंदाने पेढे आणले. ताईंनी अर्धा पेढा खाल्ला. "तास वाढले गं, चांगलंच झालं. पण मांड्या कुठं वाढल्या?" सरकारने लोकांची मतं मागवली तेव्हा त्यांनी सूनबाईकडून एकच ओळ लिहून घेतली, की मांडी किती रुंद करायची ते कळवावे. उत्तर आलं, आपल्या मताबद्दल आभारी आहोत. ताई पांढऱ्याफटक पडल्या. "आभार मानले म्हणजे हे करणारच!"

या सगळ्या भीतीवर त्यांच्याजवळ एक उतारा होता. त्यांच्या वडिलांचं धान्याचं दुकान होतं. धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, म्हणजे बरकत राहते. ताई मुलंही तशीच मोजायच्या. दाराबाहेर पडताना, रस्ता ओलांडताना, झोक्यावरून उतरवताना डोक्यावर हात ठेवत ठेवत, "लाभ, दोन, तीन." पहिलं डोकं कुणाचं यावरून गोरी मुलंही भांडायची. "मी लाभ! मी लाभ!"

सूनबाईच्या मनात मात्र सोन्याला मोठ्या नर्सरीत घालायचं होतं. "आई, तिथे इतका स्टाफ आहे, रोज फोटो येतात. ताई चांगल्या आहेत, पण एकट्या आहेत. आणि किती पॅनिक होतात! एखाद्या दिवशी खरंच काही झालं तर?" सोन्या गेला की माझीही ती खुर्ची जाणार, एवढंच मला कळत होतं. शेवटी ती म्हणाली, एकदा स्वतः बघते, मग ठरवते. शाळांना हाफ टर्मची मधली सुट्टी लागली तेव्हा तिने रजा घेतली आणि आमच्याबरोबर नदीकाठच्या पार्कात आली. त्या दिवशी मुलं पाच होती: सोन्या धरून तीन लहान आणि सुट्टी म्हणून आलेली शाळेतली दोन.

निघायची वेळ झाली. ताई रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "मी गाड्या बघते, तू मोज बाई. लाभपासून मोजायचं, आमची रीत आहे." सूनबाईने मोजलं. पुन्हा मोजलं. तिचा आवाज बदलला.

"ताई, चारच आहेत."

मी सोन्याचा हात धरला आणि नदीकडे बघितलं. थेम्सचं पाणी त्या दिवशी तपकिरी होतं आणि त्यावर एकही तरंग नव्हता. तो सपाटपणा अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

ताई हाका मारू लागल्या. शाळेतली मोठी ऑलिव्ह समोरच होती. तिचा भाऊ होता. ज्याला हाक मारावी तो "येस ताई" म्हणत पुढ्यात उभा, आणि तरी एक कमी. कोण हरवलं तेच कळेना. ताई स्वतः मोजायला लागल्या, पण मुलं इकडून तिकडे पळत होती आणि त्यांची जीभ 'लाभ'च्या पुढे सरकेना. सूनबाई रडवेली होऊन झुडपांत वाकून बघत होती. मग ताई एकाएकी थांबल्या. पिशवीतून त्यांनी चालायची दोरी काढली, मुलांनी धरायच्या कड्यांची. अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "ट्रेन!" मुलं धावत आली आणि आपापली कडी धरून उभी राहिली.

"आता मोठ्यानं मोज," ताई म्हणाल्या.

सूनबाई एकेका डोक्यावर हात ठेवत गेली. "लाभ... एक... दोन... तीन... चार. बघा ना ताई, चारच!"

ताई तिच्याकडे बघतच राहिल्या. "अगं माय! लाभ म्हणजेच एक!"

"म्हणजे? मला वाटलं, वर श्री लिहितात तसं पहिल्या डोक्यावर हात ठेवून नुसतं म्हणायचं असतं."

मी तिथेच गवतात बसले. सूनबाई हसत होती, रडत होती, सोन्याचे पापे घेत होती. घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, सोन्या तिथेच राहील. मी झुडपांत रडत फिरत होते, त्यांनी मुलांना दोरीला लावलं." मी ही बातमी द्यायला लगेच समोर गेले. ताई पायरीवर बसल्या होत्या. चहा मांडीवर होता, त्यावर झाकण नव्हतं.

"आजी, आज पाच असताना चार मोजले," त्या हळूच म्हणाल्या. "घाबरलो, शोधलं, बरंच झालं. उद्या चार असताना पाच मोजले तर? मग घाबरणार कोण?"

मी म्हटलं, "असं नाही होणार हो." पण माझ्या आवाजात जोर नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून त्या 'एक' म्हणू लागल्या. मुलं कुरकुरली, "हू इज लाभ?" ताई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. एक, दोन, तीन, अगदी स्वच्छ मोजायच्या, आणि मोजून झालं तरी त्यांचा चेहरा मोजलेल्या माणसाचा दिसायचा नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी पाळणाघर बंद केलं. शेवटच्या दिवशी दोरी धुऊन वाळत घातली. ती पुढे किती तरी दिवस परसातच होती.

सोन्या आता नर्सरीत जातो. तिथल्या बाई चांगल्या आहेत, फोटो रोज येतात. फोटोतली मुलं मी मोजते आणि मागे कुणी लपलंय का ते बघते. सकाळी त्याला घेऊन निघाले की ताई खिडकीत उभ्या असतात, चहाचा पेला घेऊन, खांदा भिंतीला टेकवून. सोन्या हात हलवतो. काच बंद असल्याने आवाज येत नाही, पण त्याच्याकडे बघून ताई काहीतरी पुटपुटतात ते दिसतं. 'एक' म्हणताना ओठ उघडेच राहतात, मी आरशापुढे दोन्ही शब्द म्हणून बघितले आहेत. ताईंचे ओठ शेवटी मिटतात.