इसाकभाई: फिटर, टर्नर वगैरे

इसाकभाई नेमके कोणत्या खात्यात आहेत, हे फक्त आमच्या हजेरीपटाला ठाऊक होतं. पटावर ते फिटर. पण टर्नर रजेवर गेला की लोखंड कातायच्या लेथवर इसाकभाई, वेल्डर आजारी पडला की वेल्डिंगला इसाकभाई, आणि ओतकामाची भट्टी रुसली की तिची समजूत काढायलाही हेच. "शेजारच्याचं काम ठाऊक नसंल, तर आपलं निम्मंच ठाऊक हाय म्हनायचं," असं ते म्हणत.

नगरच्या बाहेर आमचा ऑइल इंजिनांचा छोटा कारखाना होता. बाहत्तरचा दुष्काळ; जो तो विहीर खोल करत होता, त्यामुळे इंजिनांना कधी नव्हे ती मागणी. मी नुकताच डिप्लोमा करून तपासनीस म्हणून लागलो होतो. डोक्यात हवा भरपूर. एक माणूस, एक मशीन, यावर मॅनेजरांचं आणि माझं एकमत होतं. इसाकभाईंची लुडबुड आम्हा दोघांनाही खपत नसे.

अशात तयार इंजिनं जाम होऊ लागली. लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर होतो ती नळी, मी स्वतः मोजून पास केलेला. पिस्टनही बरोबर. मग चूक जोडणाऱ्याची, आणि जोडणारे इसाकभाई. शनिवारपर्यंत इंजिनं चालली नाहीत तर सोमवारी येऊ नका, असं मॅनेजरांनी त्यांना सांगितलं. मी शेजारी उभा राहून मान डोलावली. त्यांच्या घरी सहा खाणारी तोंडं होती, हे मला माहीत होतं.

इसाकभाई वाद घालत बसले नाहीत. आम्हा दोघांना लेथपाशी नेऊन त्यांनी टर्नरला एक लायनर कातायला लावला. तो लेथच्या पकडीत असतानाच मी नेहमीसारखा मोजला. अगदी बरोबर भरला. मग त्यांनी पकड ढिली केली आणि लायनर माझ्या हातात ठेवला.

"आता मोजा, साहेब."

लायनर गोल राहिलाच नव्हता. पातळ नळी घट्ट आवळली की दबायची, दबलेली असताना आतून गोल कातली जायची, आणि सुटली की वाकडी व्हायची. टर्नरने कधी इंजिन जोडलं नव्हतं, मी कधी लेथला हात लावला नव्हता. वेळ वाचावा म्हणून मी पकडीतच मोजून मोकळा व्हायचो.

पास कोणी केला, असं मॅनेजरांनी विचारलं. इसाकभाई हात पुसत राहिले. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, म्हणून मलाच घ्यावं लागलं. मॅनेजर असे भडकले की माझी नोकरी गेलीच म्हणून समजलो. तेव्हा मात्र इसाकभाई बोलले.

"त्यांना काढून काय हुनार? नवा बी तसंच मोजंल. सहा महिनं माझ्याकडं द्या."

सहा महिने मी भट्टीपासून जोडणीपर्यंत सगळीकडे राबलो. बोटं भाजली, कपड्यांची वाट लागली, ही असली नोकरी सोड म्हणून आई मागे लागली. पुढे टर्नरांनाही जोडणीला पाठवायला सुरुवात झाली, लायनरची पकड ते बेताने आवळू लागले आणि जाम होऊन परत येणारी इंजिनं जवळजवळ थांबली.

त्या सहा महिन्यांच्या शेवटच्या आठवड्यात एक लायनर मी एकट्याने कातला आणि तपासायला इसाकभाईंच्या हातात दिला.

"सोडवून मोजला ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो. त्यांनी तो मोजला नाही. तसाच उचलला आणि इंजिनात बसवायला घेतला.