लाटणं हातात असेपर्यंत

कल्पना गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुरतेच्या पांडेसऱ्यात, कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलच्या मागे, नाल्याच्या काठावर बाटलीत पाणी भरत होते. त्या दिवशी पाणी जांभळं होतं. दिलीपभाऊ, म्हणजे कल्पनाचे यजमान, एवढंच म्हणाले, "सरोजताई, कल्पना गेली... सकाळीच." मी "येते" म्हटलं, बाटली भरून घेतली, बूच घट्ट लावलं, वर चिठ्ठी चिकटवली आणि मग रिक्षा शोधली. नंतर एकदोघींनी विचारलं की तुला रडू कसं आलं नाही. नमुना अर्धवट टाकून आले असते तर कल्पनाच पहिली ओरडली असती, हे त्यांना काय सांगणार! आणि खरं सांगायचं तर रिक्षात माझ्या मनात आलेला पहिला विचार दुःखाचा नव्हताच. आता या पाण्याबद्दल लोकांसमोर कोण बोलणार, हा होता. इतकी वर्षं या प्रश्नाचं एकच उत्तर मिळत आलं होतं, आणि ते मला कधीच आवडलं नव्हतं. कल्पना.

आम्ही दोघी सुरतेतल्या एकाच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. ती मूळची धुळ्याकडची, वडील पॉवरलूमवर, सगळं लहानपण इथल्याच गोडादऱ्यात. मी जालन्याहून लग्न होऊन इथे आलेली. दोघीही मराठी शाळेतल्या, म्हणजे इंग्रजी वाचायला पक्कं आणि बोलायला गेलं की घशात अडकणारं. कापड रंगवून उरलेलं पाणी केळीच्या खुंटाच्या भुकटीतून गाळलं तर त्यातला रंग किती उतरतो, हे आमचं संशोधन. खुंट वाळवणं, दळणं, चाळणं, गाळणं, मोजणं ही बहुतेक मेहनत माझी. निष्कर्ष मांडणं आणि लिहिणं तिचं. फुशारकी म्हणून सांगत नाही, वाटणीच तशी झाली होती. माझी नखं कायम कुठल्या ना कुठल्या रंगाची असायची. तिची नसायची.

आमची पहिली परिषद बडोद्याला होती आणि तिथे मी बोलायचं ठरलं होतं. मी सगळं भाषण पाठ केलं, अगदी शेवटच्या आभारांपर्यंत. भाषण बरं झालं. मग अध्यक्षांनी विचारलं की गाळताना पाणी गरम असेल तर काय होतं. प्रश्न मला कळला होता. उत्तर मला झोपेतही देता आलं असतं, पाणी गरम असलं की रंग कमी उतरतो. पण मराठीत. इंग्रजीत तोंड उघडलं तर बाहेर आला पाठ केलेला पुढचा परिच्छेद, आमच्या प्राचार्यांचे आणि शिपायाचे आभार. सभागृह हसलं. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून कल्पना उठली. "मे आय, मॅडम?" हे तिने अध्यक्षांना नाही, मला विचारलं, सगळ्यांसमोर! मी मान हलवली. तिने इतकं सरळ, सोपं उत्तर दिलं की लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात. गरम पाण्याने हात माझा भाजला होता, तिचा नाही.

परतीच्या बसमध्ये तिने विचारलं, "रागावलीस?"

"नाही."

"मग खिडकीकडे तोंड करून काय बसलीयस? बाहेर नुसती धूळ आहे."

"धूळच बघतेय."

त्यानंतर कुठलंही आमंत्रण आलं की आमचे विभागप्रमुख म्हणायचे, "कल्पनाबेन सरस बोले छे, एमने जवा दो," तिलाच जाऊ द्या. आणि माझ्याकडे वळून, "सरोजबेन, तमे लॅब संभाळो." मी लॅब सांभाळली. ती चेन्नईला गेली, बंगळूरला गेली, एकदा थेट लिस्बनला गेली. प्रत्येक ठिकाणाहून ती माझ्यासाठी फ्रिजला लावायचं चुंबक आणायची. माझा फ्रिज तिच्या प्रवासांनी भरून गेला. दूध काढायला दार उघडलं की रोज सकाळी मला दिसायचं, कल्पना कुठे कुठे जाऊन आली.

तिचं इंग्रजी काही आभाळातून पडलेलं नव्हतं, हेही सांगायला हवं. ती कणीक मळताना बोलायची, भाजी चिरताना बोलायची. कुकर गॅसवर चढवून भाषण सुरू करायची आणि वरण शिजायच्या आत संपवायची. मग आमच्याकडे पीएचडी करणारी पोरं तिच्या घरी यायला लागली. गोडादऱ्याची, लिंबायतची, सगळी आमच्यासारखीच, वाचणारी पण न बोलणारी. रविवारी दुपारी तिच्या हॉलमध्ये सतरंजी पडायची. माइक म्हणून स्वयंपाकघरातलं लाटणं. नियम एकच होता, लाटणं हातात असेपर्यंत इंग्रजीच बोलायचं, आणि प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय लाटणं खाली ठेवायचं नाही. परीक्षक कोण, तर कल्पनाच्या सासूबाई. आम्ही सगळेच त्यांना माय म्हणायचो. इंग्रजीचं अक्षर त्यांना येत नव्हतं, पण लसूण सोलत त्या बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायच्या आणि नेमक्या जागी म्हणायच्या, "आते अटकनी." आता अडकली! एकदाही त्यांचं चुकलं नाही. कल्पना म्हणायची, "परदेशातले लोकही असंच बघतात. त्यांनाही आपलं अर्धंच कळतं, बाकी ते तोंड वाचतात."

मी खिडकीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे आणि प्रश्न विचारायचे. लाटणं मी हातात घेत नसे. प्रश्नाला इंग्रजी कमी लागतं. व्हाय? हाउ मच? हाउ डू यू नो? माझे तीन शब्द आणि समोरच्याची दहा मिनिटं. कल्पनालाही मी सोडत नसे, उलट तिच्यासाठी आठवडाभर शोधून प्रश्न काढून ठेवायचे. कधीतरी ती अडकावी, मायने एकदा तरी तिला "आते अटकनी" म्हणावं, एवढीच माझी इच्छा. ती काय करायची? लाटणं उजव्या हातातून डाव्या हातात घ्यायची, मोकळ्या हाताने चष्मा वर सरकवायची आणि म्हणायची, "गुड क्वेश्चन. आय नो हाफ द आन्सर." मग ते अर्धं असं सांगायची की उरलेल्या अर्ध्याची कुणाला आठवणच राहू नये. माय लसूण सोलत राहायच्या.

गेल्या वर्षी जर्मनीतल्या एका परिषदेने आमचा निबंध स्वीकारला आणि त्याच सुमारास तिच्या पोटाचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं. प्रमुखांनी मला बोलावून सांगितलं, आता तुम्हीच जा. घरी येताना मी रस्त्यात थांबून उसाचा रस प्याले. आनंद झाला होता, तर झाला होता. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेले तर ती उशीला टेकून बसलेली, आणि पांघरुणावर लाटणं.

"घे," ती म्हणाली.

"आत्ता? तू आधी बरी हो."

"मी बरी होईपर्यंत तुझं विमान निघून जाईल. घे म्हणते ना. माहीत नसलेलं विचारलं तर काय म्हणशील?"

"आय डोन्ट नो."

"इथेच मार खातेस तू. अगं, एवढी वर्षं त्या पाण्यात हात घालतेस, अर्धं तरी नेहमीच माहीत असतं तुला. तेवढं सांग. उरलेल्याला घाबरू नकोस."

रोज संध्याकाळी कॉलेज सुटलं की मी जायचे आणि ती मला झोडपायची. आवाज बारीक झाला होता, पण प्रश्न माझ्याहून वाईट असायचे. माय तर मिनिटामिनिटाला मला अडकवायच्या. शेवटी एका संध्याकाळी मी सबंध भाषण बोलले, पुढचे प्रश्न झेलले, आणि मायच्या तोंडून शब्द आला नाही. कल्पना म्हणाली, "माय, झोपलात का?" माय म्हणाल्या, "जागीच शे. बोलू दे ना तिले."

जर्मनीत मी बोलले. तिथे माइक पदराला चिमट्याने लावतात, हातात काही देत नाहीत. प्रश्न आला, मी सवयीने उजव्या हातातलं डाव्या हातात घ्यायला गेले, तर हात रिकामेच. पण शब्द आले. हाफ द आन्सर. आणि टाळ्याही आल्या, पहिल्यांदा माझ्या. चहाच्या वेळी पांढऱ्या केसांच्या एक प्राध्यापक बाई माझ्याकडे लगबगीने आल्या. मी मनात आभाराचं वाक्य जुळवत होते. त्यांनी विचारलं, "कल्पना आली नाही?" मग चॉकलेटचा डबा माझ्या हातात दिला. लसूण सोलणाऱ्या तिच्या सासूबाईंसाठी होता. कल्पनाशी त्यांची लिस्बनमध्ये ओळख झाली होती म्हणे.

परत आल्यावर मी तो डबा तिच्यासमोर जरा जोरातच ठेवला. "सगळे तुलाच विचारत होते."

"म्हणजे तू काय, टपाल होतीस?" ती हसायला लागली. हसताना टाके दुखायचे, तरी हसली. "आणि तुला काय विचारलं?"

"गरम पाण्याचं."

"मग?"

"सांगितलं."

"झालं तर मग..." ती म्हणाली आणि डोळे मिटून पडून राहिली. मी पर्समधून चुंबक काढलं आणि स्वयंपाकघरात जाऊन तिच्या फ्रिजला लावलं. तिच्या फ्रिजवर ते एकच होतं. स्वतःसाठी तिने कधी आणलंच नव्हतं, हे मला तेव्हा दिसलं.

तिच्यानंतर काही रविवार तसेच गेले. मग एका दुपारी दिलीपभाऊंचा फोन आला. "ताई, पोरं आलीत. सांगितलं नव्हतं कोणी, आपली आपणच आलीत... काय करू?" मी म्हटलं, "सतरंजी घाला. येते." हॉल तसाच होता. माय लसूण घेऊन जागेवर बसल्या होत्या. माझी खुर्ची कोणी हलवली नव्हती. रोशनी नावाची पांडेसऱ्याची मुलगी आहे, तिची आयुष्यातली पहिली परिषद तोंडावर आलेली. मायने स्वयंपाकघरातून लाटणं आणून तिच्या हातात दिलं. लाटणं पोरांकडे असेपर्यंत आपण चपात्या हातानेच थापू, असं काहीतरी त्या दिलीपभाऊंना सांगत होत्या. रोशनी बोलली. मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आता इथे मोठी मीच होते, उत्तरं कशी द्यायची ते आता ही पोरं माझ्याकडून शिकणार, असं माझ्या मनात येऊन गेलं, ते लपवत नाही. मग मी प्रश्न विचारला. कल्पनासाठी शोधून ठेवलेला आणि विचारायचा राहून गेलेला.

मायचे हात थांबले. त्यांनी मुलीच्या तोंडाकडे बघितलं पण "आते अटकनी" म्हटलं नाही.

रोशनीने लाटणं उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं. तिला चष्मा नाही, तरी मोकळा हात नाकापर्यंत गेला. "गुड क्वेश्चन," ती म्हणाली. "आय नो हाफ द आन्सर."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या प्रश्नाला नाही, उत्तराला. मी खुर्ची थोडी पुढे ओढली आणि दुसरा प्रश्न विचारला, आधीच्यापेक्षा अवघड.