शेळ्यांचा सल्लागार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा: माझ्या बोलण्याने एक शेळी मेली.

२००७च्या दुष्काळात अमेरिकेत, आमच्या कॅरी गावात, आम्हाला काळजी होती ती लॉन पिवळं पडण्याची. मी मटण आणायचो ते मात्र गावाबाहेरच्या एका फार्मवरून. तिथले आजी-आजोबा रिटायर झालेले शिक्षक, शेळ्यांच्या धंद्यात नवीनच. त्यांचं कुरण करपलं होतं, विकतचा चाराही मिळेना. अर्ध्या शेळ्या त्यांनी विकून टाकल्या होत्या.

"उरलेल्या कशा जगवायच्या?" आजोबा म्हणाले. ते बहुधा स्वतःशीच बोलत होते. पण अमेरिकेत आल्यावर आम्ही सगळेच खेड्यातले होऊन जातो. मी वाढलो पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. शेळीशी माझा संबंध रश्श्यापुरता. तरी मी म्हणालो, "आमच्याकडे फांद्या तोडून घालतात. शेळी काहीही खाते."

"काहीही?" आजींनी विचारलं.

"अहो, अगदी काहीही!"

पुढच्या शनिवारी गेलो तर आजी मला पाहताच आत निघून गेल्या; काय झालं ते आजोबांनी सांगितलं. त्यांनी कुंपणालगतच्या रानचेरीच्या फांद्या तोडून घातल्या होत्या. तिचा पाला कोमेजला की विषारी होतो, हे त्यांना गुरांचे डॉक्टर आल्यावर कळलं. त्यांची सगळ्यात दुधाळ शेळी गेली होती.

"तुमच्याकडची झाडं वेगळी असणार," आजोबाच मला समजावत होते.

"हो, वेगळीच," मी जाणकारासारखी मान हलवली आणि मटण घेऊन घरी आलो.

मी आयुष्यात कधी शेळी पाळलेली नाही, हे त्या दोघांना सांगायचं अजून बाकी आहे.